नारिंगी उरलेली बाजू

१

रॉकेट त्या दिवशी उडालं असतं, तर क्लिऑन फुच कसा मेला हे आजही कोणाला कळलं नसतं.

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी उलटी गणती शून्यावर आली. मी पाच किलोमीटर लांब, माझ्या नाक्यावर उभा होतो. समोर पाल्मेटोच्या झुडपांपलीकडे हेरन हे रॉकेट उभं होतं. तीन नळकांडी शेजारी शेजारी, अंगावर फोमचं नारिंगी कातडं. बुडाशी फुलबाज्या पेटल्या, ठिणग्यांचे झोत सुटले आणि नेहमीसारखा आगीचा लोळ उठून रॉकेटच्या अंगावरून सरसर वर चढला. नवखा माणूस हे बघून किंचाळतो. रॉकेटच पेटलं असं त्याला वाटतं. आम्हाला त्याचं काही नाही. हायड्रोजनवर चालणारी रॉकेटं निघताना अंग भाजून घेतातच.

पण त्या दिवशी लोळ वर गेला, विझला, आणि हेरन जागच्या जागी उभंच. एका इंजिनाने दगा दिला होता आणि संगणकाने सगळं बंद केलं होतं. केपच्या उड्डाणकेंद्रावर इतकी वर्षं काढली, पण अंग भाजून घेऊन न गेलेलं रॉकेट मी पहिल्यांदाच पाहत होतो. अर्धं काळं, अर्धं नारिंगी. फोम धुमसत होता, धूर निघत होता आणि मनोऱ्यावर गिधाडं परत येऊन बसत होती.

टाक्या रिकाम्या व्हायला तीन तास लागले. मग रिवाजाप्रमाणे एकच माणूस आधी आत गेला, तळप्रमुख वेस टिलरी. हातात लांब दांड्याचा गवती झाडू. उन्हात हायड्रोजनची ज्योत दिसत नाही. माणूस सरळ तिच्यात चालत जातो. म्हणून जुनी माणसं झाडू पुढे धरून चालतात. काड्या भडकल्या की थांबायचं. आता यंत्रं आली, पण वेसचा भरवसा झाडूवरच.

वीस मिनिटांनी त्याचा आवाज वायरलेसवर आला.

"इथे माणूस आहे. पश्चिमेच्या खोपट्यात. जळालाय." मग बराच वेळ नुसती खरखर. "क्लिऑन आहे रे."

मी गर्रकन फळ्याकडे वळलो. तळावर जाणाऱ्या प्रत्येकाचा बिल्ला परत आला की मी तो त्या फळ्यावर लावतो. सगळे बिल्ले आले, सगळे चेहरे पाहिले, अशी सही केल्याशिवाय उड्डाण होत नाही. ती सही त्या सकाळी मी केली होती.

क्लिऑनचा एकेचाळीस नंबरचा बिल्ला खिळ्याला लटकत होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी राज्याच्या आग-तपास खात्यातून मार्ज ऑल्बरी आल्या. साठीच्या बाई, बारीक कापलेले पांढरे केस, पायात रबरी बूट. हातातल्या कागदी पिशवीत उकडलेल्या शेंगा होत्या.

"तुम्ही राउंडट्री ना? नाक्यावरचे?" त्यांनी विचारलं. "आतले रस्ते तुम्हाला पाठ असतील. चला माझ्याबरोबर. शेंगा खाणार?"

उड्डाणप्रमुख ग्रँट एबरहार्टसाहेब तळावर आमची वाटच बघत होते. इस्त्रीचा शर्ट, लाल डोळे.

"बाई, हा अपघात आहे, उघड अपघात," ते म्हणाले. "फुच फुलबाज्यांचं काम बघायचा. त्या नीट लागल्या नाहीत असं त्याच्या मनाने घेतलं होतं. बिल्ला लावून तो गुपचूप मागे फिरला आणि लोळात सापडला. हट्टी माणूस."

"मनाने का घेतलं होतं?"

साहेब जरा घुटमळले. "त्याने पत्र दिलं होतं. या वेळी हायड्रोजन दीड सेकंद जास्त सोडणार होतो. फुलबाज्या पुरणार नाहीत, लोळ मोठा होईल, असं त्याचं म्हणणं."

"मग पत्राचं काय केलंत?"

"बाजूला ठेवलं."

"कुठल्या बाजूला?" बाईंनी शेंग सोलत विचारलं.

आम्ही खोपट्याकडे गेलो. मनोऱ्याच्या पश्चिमेला, म्हणजे जमिनीच्या बाजूला, काँक्रीटची खोली. तीन भिंती, वर छप्पर, रॉकेटकडचं तोंड उघडं. प्रेत हलवलं होतं, पण वास हलला नव्हता. आत छत काळंकुट्ट होतं. बाईंनी बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, हुंगलं आणि रुमालात पुसून तो रुमाल नीट घडी घालून खिशात ठेवला. मग बाहेर येऊन खाली बसल्या. खोपट्यासमोरच्या काँक्रीटच्या भेगेत गवताचा झुबका उगवला होता. त्याला तुरे आले होते, पांढरे, मऊ.

बाईंनी तुऱ्याला हलकेच फुंकर मारली. बी उडून माझ्या बुटावर बसलं.

"राउंडट्री," त्या म्हणाल्या, "सरळ वर बघा. रॉकेटची कुठली बाजू भाजली आहे?"

"समुद्राकडची."

"आणि आपण कुठल्या बाजूला उभे आहोत?"

वर हेरनची आमच्याकडची बाजू जशी रंगवून आणली होती तशी नारिंगी होती.

३

"मला कोणीतरी हा लोळ नीट समजावून सांगा," बाई म्हणाल्या. "आणि शहाण्या माणसाची भाषा नको. मी आगी विझवणाऱ्यांची पोरगी आहे."

त्यासाठी इनेस बरेटोला बोलावलं. इंजिनं सुरू करण्याचा क्रम ठरवायचं काम तिचं. सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा.

"गॅसच्या शेगडीचं बटण फिरवलं आणि काडी लवकर मिळेना, तर काय होतं?" तिने विचारलं.

"भक्कन पेटते. भुवया जातात."

"तेच. इंजिनात आधी हायड्रोजन सोडतो, मागून ऑक्सिजन. उलटं केलं तर तापलेला ऑक्सिजन इंजिनाचा धातूच खाऊन टाकेल. म्हणून सुरुवातीला हायड्रोजन जास्तच लागतो. तो जास्तीचा खालून बाहेर पडतो. हवेपेक्षा चौदापट हलका, त्यामुळे खाली थांबत नाही. रॉकेटच्या अंगाला लागून वर चढतो. फुलबाज्या त्यातला बराच जाळून टाकतात. उरलेला इंजिन पेटलं की एकदम पेटतो. रॉकेट वर जाताना तीच आग अंगाला लावून घेऊन जातं. फोम वरवर करपतो, आत काही पोचत नाही."

"आणि वारा असला तर?"

"तर ढग वारा नेईल तिकडे. काल वारा जमिनीवरून समुद्राकडे होता. एरवी या वेळी उलटा असतो."

"म्हणजे लोळ समुद्राकडे गेला."

"हो." तिच्या आता लक्षात आलं. तिने खोपट्याकडे पाहिलं आणि हात तोंडावर नेला.

"अजून एक," बाई म्हणाल्या. "हायड्रोजन जळून मागे काय उरतं?"

"पाणी. वाफ. बाकी काही नाही."

"काजळी?"

"काजळी कुठून येणार? त्यात कार्बनच नाही. रॉकेटवर जे काळं दिसतंय तो करपलेला फोम आहे, त्याचंच कातडं. हायड्रोजन कोऱ्या भिंतीवर जळला तर भिंत तापेल, तडकेल, पण काळी होणार नाही."

बाईंनी खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे उघडला. घडीच्या मध्ये तेलकट काळा डाग होता. इनेसने वाकून वास घेतला.

"डिझेल," ती म्हणाली.

बाईंनी रुमाल मिटला. "परवा संध्याकाळी कँटीनमध्ये तुमचं आणि फुचचं भांडण झालं. तुम्ही त्याच्यावर कॉफीचा कप फेकलात. दहा जणांनी पाहिलंय. का फेकलात?"

४



"माझे वडील याच तळावर वेल्डर होते," इनेस म्हणाली. "बेनी बरेटो. चार वर्षांपूर्वी ते एका नळीच्या कामाला गेले आणि न दिसणाऱ्या ज्योतीत चालत शिरले. कंपनीचा अहवाल म्हणतो, स्वतःचा हलगर्जीपणा. आईला त्या कागदाने जितकं मारलं तितकं बाबांच्या जाण्याने नाही. ती मला म्हणते, तुझे बाबा घरातला दिवा घालवला की नाही ते तीनदा बघायचे, ते कसा हलगर्जीपणा करतील?"

"म्हणून तुम्ही इथे नोकरी धरलीत?"

"म्हणूनच. मला वाटलं, आत गेल्याशिवाय कळणार नाही. परवा क्लिऑन माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, मुली, उद्या तुझ्या बाबांबद्दल काही सांगायचंय. मला चार वर्षांपासून माहीत आहे." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "चार वर्षं! माझ्याबरोबर रोज जेवत होता तो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, आत्ता सांग. तो म्हणाला, आधी दुसऱ्या एकाला बोलायची संधी देतोय. दोन दिवस दिलेत त्याला. तेव्हा फेकला मी कप."

"कोणाला दिली संधी?"

"नाव नाही सांगितलं."

एबरहार्टसाहेब मागे उभे राहून ऐकत होते. "बाई, हिला काल सकाळी कुठे होती विचारा," ते घाईने म्हणाले.

"तुम्हीच सांगा, कुठे होती?"

"माझ्यासमोर," साहेब कसनुसे होऊन म्हणाले. "नियंत्रण कक्षात. पहाटे चारपासून."

"आणि तुम्ही तिच्यासमोर. झालं तर मग," बाई म्हणाल्या. "पत्राबद्दल तुम्हाला जे वाटायला हवं ते वाटू द्या साहेब. पण लपवाछपवी पुरे."

साहेब गेले. मग बाईंनी वेस टिलरीला बोलावलं. वेस आला तो पाय ओढत. रुंद खांदे, उन्हाने रापलेली मान, एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"तीस वर्षांची दोस्ती आमची," तो म्हणाला. "दर रविवारी मासे पकडायला जायचो. किती वेळा सांगितलं त्याला, म्हाताऱ्या, आता मशीन बघतंय सगळं, तू कशाला मरतोस? शेवटी लोळाने गाठलाच."

"तुम्ही आत गेलात तेव्हा आग होती कुठे?"

"खोपट्याच्या तोंडाशी होती एक ज्योत. दिसत नव्हती. झाडू भडकला म्हणून कळलं."

"झाडू बघू?"

त्याने गाडीतून झाडू आणून दिला. काड्या जळून पार तारेच्या आवळणीपर्यंत आल्या होत्या. बाईंनी तो निरखला, आभार मानले, आणि वेस गेल्यावर मला विचारलं, "तुम्ही कधी असा झाडू घेऊन चाललाय?"

"तरुणपणी."

"काडी भडकली की काय करता?"

"झटकन मागे ओढतो. जमिनीवर आपटून विझवतो. टोकं तेवढी जळतात."

"हा दांड्यापर्यंत जळलाय," बाई म्हणाल्या. "हा कोणीतरी धरून ठेवला होता. मशालीसारखा."

त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं.

५

"मी खोटी सही केली," मी म्हणालो.

बाईंनी शेंगांची पिशवी बाजूला ठेवली.

"सगळे चेहरे पाहिले असं मी लिहिलं. क्लिऑनचा चेहरा मी पाहिला नाही. साडेसातला शेवटच्या गाड्या बाहेर पडत होत्या. वेस नाक्यावर थांबला, म्हणाला, बर्ट, थंडीने काकडलास की रे, माझ्या गाडीत मागच्या सीटवर थर्मास आहे, घे ओतून. गाडी पलीकडे, त्या नाल्यापाशी लावली होती. मी गेलो, कप भरला, आलो. पाच मिनिटं. नियम असा की जागा सोडायची तर फळा कुलपात घालायचा. मी घातला नाही. वेस होता ना तिथे! परत आलो तर एकेचाळीस खिळ्यावर लागलेला. वेस म्हणाला, क्लिऑन आत्ताच गेला, घाईत होता. आणि मी सही केली."

"हे काल का नाही सांगितलंत?"

"नोकरी जाईल म्हणून." हे बोलताना माझं मलाच ऐकवेना. "आणि वेसवर संशय घ्यायचा नव्हता म्हणून. तो विचार मनाला शिवला नाही असं नाही बाई. शिवला. मी तो हाकलून दिला. माझ्या बायकोच्या शवपेटीला खांदा दिलाय त्याने."

मला वाटलं, त्या चिडतील. त्या नुसत्या म्हणाल्या, "बसा खाली. कसं झालं, बिल्ला कोणी टांगला, ते आता कळलं. का झालं ते कळायचंय. चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं काही लिहिलेलं तुमच्या नाक्यावर आहे?"

नाक्यावर सगळंच लिहिलेलं असतं. आत जाणारं-येणारं माणूस, गाडी, अवजार, अगदी पहारही. जुन्या नोंदवह्या मी मागच्या कपाटात रचून ठेवतो, वाळवी लागू नये म्हणून कडूनिंबासारखा वास येणारी पूड टाकून. बेनी गेला त्या दिवसाची वही काढली. बाईंनी बेनीच्या अपघाताचा अहवाल सोबत आणवला होता. त्यात एक छोटा छापील कागद होता. 'सकाळी आठ वाजता नळीच्या पूर्ण लांबीवर झाडू फिरवला. ज्योत नाही. वेल्डिंगला हरकत नाही.' खाली सही, वेस टिलरी.

मी वहीचं पान उलटलं आणि बोट ओळींवरून खाली नेत गेलो. सहा पन्नासची ओळ माझ्याच अक्षरात होती.

'सी. फुच. बाहेर. सोबत झाडू एक, काड्या गळाल्या, बदलून आणणे.'

झाडूची पुढची नोंद दुसऱ्या दिवसाची होती. 'सी. फुच. आत. झाडू एक, नवा.'

"तळावर तेव्हा झाडू किती होते?" बाईंनी हळूच विचारलं.

"एकच," मी म्हणालो.

६

बाईंनी सगळ्यांना खोपट्यापाशीच बोलावलं. दुपारची वेळ होती, पण उजेड मळका होता. वर हेरनचा करपलेला फोम वाऱ्याने सुटून पडत होता. मधूनच एखादा काळा तुकडा शेजारी टपकन पडायचा आणि आम्ही सगळे दचकायचो. वेस दूर, मनोऱ्याच्या पायाला टेकून उभा होता.

"एरवी हे रॉकेट आपला पुरावा अंगावर घेऊन निघून जातं," बाई म्हणाल्या. "आणि जाताना खालचं सगळं भाजून काढतं. हे खोपटंही. काल साडेसातच्या आधी ज्याने फुचला इथे टाकलं त्याचा हाच हिशोब होता. चार तासांत आग येणार, कोणाला काही शोधायला उरणार नाही. पण रॉकेट उडालं नाही. वाराही उलटा होता, म्हणून लोळसुद्धा इकडे फिरकला नाही. हे गवत बघा, त्याचा तुरासुद्धा करपला नाही. त्यानंतरही तीन तास फुच इथे जसाच्या तसा पडून होता, डॉक्टरांनी आज कळवलेल्या डोक्यावरच्या जखमेसकट."

बाईंनी खोपट्याच्या काळ्या छताकडे बोट केलं.

"मग कोणीतरी एकटाच आत आला. त्याच्याकडे वीस मिनिटं होती. हायड्रोजन तोवर ढगांत गेला होता, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? खोपट्यामागच्या जनित्राचं डिझेल त्याने घेतलं आणि झाडूच पेटवून मशालीसारखा आत धरला. रॉकेटचा फोम धुमसतच होता, त्यामुळे धूर बघून कोणाला शंका आली नाही. पण डिझेलची काजळी छताला बसली. हायड्रोजनची बसत नाही."

"माणूस सुचेल ते करतो, बाई," वेस म्हणाला. आवाज अगदी साधा होता, हवापाण्याबद्दल बोलावा तसा. "विचार करून करतो असं समजू नका."

इनेस त्याच्याकडे वळली. तिला अजून सगळं सांगितलं नव्हतं. बाईंनी नोंदवहीचं पान तिच्यापुढे धरलं आणि शेजारी तो छापील कागद. तिने आधी एक वाचलं, मग दुसरं, मग परत पहिलं.

"झाडू नव्हताच," ती म्हणाली. "तुम्ही चाललाच नाहीत."

"दोनशे दिवस चाललो होतो मुली," वेस म्हणाला. "दोनशे दिवस काही सापडलं नाही. त्या दिवशी झाडू जागेवर नव्हता आणि उशीर होत होता. म्हटलं, आज काय होणार आहे? सही केली. बेनीने मला विचारलं, बघितलंस ना वेस? मी म्हटलं, बघितलं. त्याने मान डोलावली आणि गेला." त्याने हाताने तोंड पुसलं. "क्लिऑनला झाडूचं लक्षात होतं. माझी सही त्याने नंतर पाहिली. चार वर्षं गप्प बसला माझ्यासाठी. मग तू आलीस. रोज तुझ्यासमोर बसून घास गिळवत नाही म्हणाला. दोन दिवस देतो, तू सांग, नाहीतर मी सांगतो. काल सकाळी मुदत संपली. मी म्हटलं, उड्डाणानंतर बोलू. तो म्हणाला, नाही, चल आत्ता तिच्याकडे, आणि पाठ फिरवून चालायला लागला. माझ्या हातात पाना होता."

"आग लावलीत तेव्हा तो मेलेला होता?" बाईंनी विचारलं.

वरून आणखी एक काळा तुकडा पडला.

"मी बघितलं नाही," तो म्हणाला.

७

वेसला पोलीस घेऊन गेले. गाडीत बसताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही मान वळवली. एबरहार्टसाहेब क्लिऑनचं पत्र शोधायला आपल्या कचेरीत गेले. ते सापडलं असं नंतर ऐकलं, कपाटाच्या खालच्या खणात, न उघडलेल्या पाकिटांसोबत.

बाई जाताना माझ्या नाक्यावर थांबल्या. माझा जबाब टाइप करून आणला होता. त्यात पाच मिनिटं होती, थर्मास होता, खोटी सही होती. मी वाचून सही केली. ही मात्र प्रत्येक ओळ वाचून.

"नोकरी जाईल," मी म्हणालो.

"जाईल," बाई म्हणाल्या. खोटा धीर देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "अजून एक काम आहे, राउंडट्री. ते माझं नाही."

इनेस बाहेर पायरीवर बसली होती. समोरच्या नाल्यात मगर पडून होती, पाठ तेवढी पाण्यावर. इनेसच्या हातात फोन होता आणि ती तो नुसता बघत होती.

"आईला लावलाय," माझी चाहूल लागल्यावर ती म्हणाली. "ती विचारतेय, कोण म्हणतं? मी सांगितलं तर तिला वाटेल, मुलगीच ती, बापाची बाजू घेणारच. तिला तळावरच्या माणसाकडून ऐकायचंय."

तिने फोन माझ्यापुढे धरला. मला तो घ्यावासा वाटत नव्हता. क्लिऑन हे काम करायला निघाला होता आणि वाटेत मेला. वेसला हे काम नको होतं म्हणून त्याने एका माणसाला मारलं, तेही दोन वेळा म्हणायला हरकत नाही, एकदा पान्याने, एकदा आगीने. माझ्या वहीत ती ओळ चार वर्षं पडून होती आणि मी एकदाही पान उलटलं नव्हतं.

मी फोन कानाला लावला. "बाई, मी एल्बर्ट राउंडट्री बोलतोय. नाक्यावर असतो. तुमच्या नवऱ्याची काही चूक नव्हती. त्याने विचारलं होतं. त्याला खोटं सांगण्यात आलं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, खण उघडल्याचा, कागद चाळल्याचा.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "सावकाश. मी लिहून घेतेय. आधी तुमचं पूर्ण नाव."